पोस्टफिक्समध्ये मेल अडवणे, वळवणे आणि गाळणे

पोस्टफिक्स हे मेल सर्व्हरचे सॉफ्टवेअर बसवून मेलची ये-जा सुरू करायला फार वेळ लागत नाही. काम वाढते ते त्यानंतर. ट्रेनींनी बाहेर मेल पाठवू नये. सगळ्या स्टाफला जाणाऱ्या पत्त्यावर फक्त एचआरने लिहावे. नाशिक शाखेचे मेल तिथल्या जुन्या सर्व्हरवर जावेत. स्पॅम बंद व्हावा, पण ग्राहकाचा एकही मेल अडकू नये. यातल्या प्रत्येक मागणीचे उत्तर चार-पाच ओळींचे आहे आणि त्या ओळी शोधल्या की मिळतात. पण त्या चुकीच्या यादीत किंवा चुकीच्या क्रमाने पडल्या की एकतर काहीच होत नाही, नाहीतर सर्व्हर ओपन रिले होऊन बसतो, म्हणजे कोणाचाही मेल कुठेही पोहोचवू लागतो.

आधी एक सूचना. पॅरामीटर, फाइल आणि कमांडची नावे इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिली आहेत. सर्व्हरवर ती रोमन लिपीत, लहान अक्षरांत, अंडरस्कोअर जिथल्या तिथे ठेवून आणि आकडे इंग्रजीत टाइप करायचे.

याद्या कशा वाचल्या जातात

बाहेरचा सर्व्हर २५ पोर्टवर येतो तेव्हा संवाद ठरलेल्या टप्प्यांनी होतो: जोडणी, हेलो, मेल फ्रॉम, आरसीपीटी टू, डेटा. प्रत्येक टप्प्याला मेन.सीएफ या मुख्य सेटिंगच्या फाइलमध्ये नियमांची यादी आहे: क्लायंट, हेलो, सेंडर, रिले, रेसिपिएंट, डेटा (रिले आणि रेसिपिएंट या दोन्ही आरसीपीटी टूच्या). एसएमटीपीडी_डिले_रिजेक्ट हे मुळातच चालू असते, त्यामुळे पहिल्या पाच याद्या प्रत्यक्षात आरसीपीटी टू आल्यावरच तपासल्या जातात. याचा मोठा फायदा लॉगमध्ये दिसतो: नाकारलेल्या मेलचा पाठवणारा आणि घेणारा दोन्ही नोंदले जातात. हे बंद करून 'लवकर नाकारतो' असे समाधान मानण्यात अर्थ नाही.

यादी डावीकडून उजवीकडे वाचली जाते. नियमाचे उत्तर रिजेक्ट आले तर विषय संपला, मेल नाकारला गेला. उत्तर परमिट किंवा ओके आले तर फक्त तेवढी यादी संपते. पुढची यादी पहिल्यापासून तपासली जातेच. डन्नो आले तर त्याच यादीतला पुढचा नियम. म्हणून सेंडर यादीत एखाद्या ग्राहकाला ओके दिले तरी रेसिपिएंट यादीतली ब्लॉकलिस्ट (स्पॅम पाठवणाऱ्या आयपींची यादी) त्याला अडवू शकते. 'व्हाइटलिस्ट केले तरी मेल येत नाही' या तक्रारीमागे बहुतेक वेळा हेच असते.

जुनी ट्युटोरियल्स इथे धोक्याची ठरतात. २०१३ मध्ये आलेल्या २.१० आवृत्तीपर्यंत रिलेसाठी वेगळी यादी नव्हती, सगळे नियम रेसिपिएंट यादीतच असत. त्या यादीत रिजेक्ट_अनऑथ_डेस्टिनेशन (परक्या डोमेनचा मेल नाकारणारा नियम) याच्या वर कोणी सेंडरचा व्हाइटलिस्ट तक्ता लावला, तर त्या पत्त्याचे नाव वापरणाऱ्या कोणालाही जगात कुठेही मेल पाठवता येई, आणि पाठवणाऱ्याचा पत्ता खोटा लिहायला काहीच लागत नाही. आता ही यादी वेगळी आहे, ती वेगळीच ठेवा आणि तिच्यात दुसरे काही घुसवू नका (सासल म्हणजे लॉगिनची यंत्रणा):

एसएमटीपीडी_रिले_रिस्ट्रिक्शन्स = परमिट_मायनेटवर्क्स, परमिट_सासल_ऑथेंटिकेटेड, रिजेक्ट_अनऑथ_डेस्टिनेशन

मायनेटवर्क्समध्ये कोण हवे

मायनेटवर्क्स म्हणजे लॉगिनशिवाय मेल पाठवू शकणाऱ्या आयपींची यादी. तिच्यात जितके कमी तितके बरे. पूर्ण लॅन टाकली की एका पीसीवरचा व्हायरसही पासवर्डशिवाय बाहेर मेल पाठवू लागतो आणि ब्लॉकलिस्टमध्ये जातो तो तुमचा आयपी. स्कॅनर-प्रिंटर, सीसीटीव्हीचा रेकॉर्डर, एखादे जुने बिलिंग सॉफ्टवेअर यांना लॉगिन जमत नसेल तर त्यांचे एकेक पत्ते /३२ लावून द्या. बाकी सगळ्यांनी ५८७ किंवा ४६५ वरून लॉगिन करूनच पाठवायचे.

नव्या मांडणीत आणखी एक सापळा असतो. पोस्टफिक्स डॉकरमध्ये चालवला किंवा फायरवॉलने पोर्ट पुढे ढकलताना येणाऱ्याचा पत्ताही बदलला, तर बाहेरचा प्रत्येक क्लायंट १७२.१७.०.१ सारख्या आतल्या पत्त्यावरून आल्यासारखा दिसतो. तो पट्टा मायनेटवर्क्समध्ये असेल तर सगळे जग तुमच्या लॅनमध्ये आले. तपासणी सोपी आहे: बाहेरून एक मेल पाठवा आणि लॉगमधल्या 'कनेक्ट फ्रॉम' ओळीत खरा पब्लिक आयपी दिसतो का ते बघा. दिसत नसेल तर बाकीचे काहीही करण्याआधी ते दुरुस्त करा.

ट्रेनी आणि एचआर: रिस्ट्रिक्शन क्लास

माणसागणिक वेगळा नियम हवा असेल तर रिस्ट्रिक्शन क्लास लागतो. क्लास म्हणजे नियमांच्या छोट्या यादीला दिलेले नाव. ते नाव तक्त्यात ओके किंवा रिजेक्टच्या जागी लिहिता येते. मेन.सीएफमध्ये:

एसएमटीपीडी_रिस्ट्रिक्शन_क्लासेस = लोकल_ओन्ली, एचआर_ओन्ली

लोकल_ओन्ली = चेक_रेसिपिएंट_ॲक्सेस हॅश:/ईटीसी/पोस्टफिक्स/आतले_डोमेन, रिजेक्ट

एचआर_ओन्ली = चेक_सासल_ॲक्सेस हॅश:/ईटीसी/पोस्टफिक्स/एचआर, रिजेक्ट

'आतले_डोमेन' तक्त्यात एकच ओळ: एक्झाम्पल.कॉम ओके. 'एचआर' तक्त्यात एचआरच्या लोकांची लॉगिन नावे, प्रत्येकापुढे ओके. 'ट्रेनी' तक्त्यात ट्रेनींची लॉगिन नावे, प्रत्येकापुढे लोकल_ओन्ली. 'राखीव' तक्त्यात सर्व स्टाफचा पत्ता आणि पुढे एचआर_ओन्ली. मग हे सगळे जोडणारी ओळ:

एमयूए_रेसिपिएंट_रिस्ट्रिक्शन्स = चेक_रेसिपिएंट_ॲक्सेस हॅश:/ईटीसी/पोस्टफिक्स/राखीव, चेक_सासल_ॲक्सेस हॅश:/ईटीसी/पोस्टफिक्स/ट्रेनी, परमिट_सासल_ऑथेंटिकेटेड, रिजेक्ट

परमिट_सासल_ऑथेंटिकेटेड शेवटून दुसरे आहे, ते मुद्दाम. वर नेले की ट्रेनी लॉगिन होताच यादी संपते आणि तुमचे दोन्ही तक्ते कोणी वाचतच नाही.

ही ओळ मेन.सीएफमध्ये असून उपयोग नाही. ५८७ च्या सेवेला ती सांगावी लागते. मास्टर.सीएफ या सेवांच्या फाइलमधल्या सबमिशनखाली (हीच ५८७ ची सेवा) '-ओ' ने दिलेले मूल्य मेन.सीएफला झाकून टाकते, आणि बऱ्याच नमुन्यांत तिथे एसएमटीपीडी_रेसिपिएंट_रिस्ट्रिक्शन्सपुढे काहीच लिहिलेले नसते. म्हणजे तुम्ही मेन.सीएफच्या रेसिपिएंट यादीत कितीही नियम लिहा, ५८७ वरून येणाऱ्यांना ते लागूच होत नाहीत. तिथे लिहायचे: -ओ एसएमटीपीडी_रेसिपिएंट_रिस्ट्रिक्शन्स=$एमयूए_रेसिपिएंट_रिस्ट्रिक्शन्स. बरोबरच्या चिन्हाच्या दोन्ही बाजूंना जागा सोडायची नाही. ४६५ चालू असेल तर त्या सेवेखालीही हीच ओळ. ती विसरली तर ट्रेनीला फक्त पोर्ट बदलायचा अवकाश.

इथे चेक_सेंडर_ॲक्सेसऐवजी चेक_सासल_ॲक्सेस घेतले आहे, कारण फ्रॉमचा पत्ता कोणीही बदलू शकतो, लॉगिन नाव बदलता येत नाही. हा नियम २.११ पासून उपलब्ध आहे. तक्त्यात नाव नक्की कसे लिहायचे, नुसते की पूर्ण पत्त्यासह, ते लॉगमधल्या सासल_युजरनेम वरून उचला. त्याच बैठकीत एसएमटीपीडी_सेंडर_लॉगिन_मॅप्स भरून सेंडर यादीत रिजेक्ट_सेंडर_लॉगिन_मिसमॅच लावून टाका. नाहीतर ट्रेनी स्वतःच्या लॉगिनने संचालकांच्या नावाचा मेल पाठवू शकतो.

बाहेरच्यांसाठी २५ पोर्टच्या रेसिपिएंट यादीत स्टाफच्या पत्त्यापुढे साधे रिजेक्ट पुरते. एक फट मात्र राहते. हे तक्ते फक्त आरसीपीटी टू मध्ये आलेला पत्ता बघतात, एलियास (एका पत्त्यामागची खऱ्या पत्त्यांची यादी) उघडण्याआधीचा. 'पुणे' नावाच्या एलियासमध्ये कोणी सर्व स्टाफचा पत्ता घातला असेल, तर 'पुणे'ला लिहिणारा सर्वांपर्यंत पोहोचतो. एलियासची फाइल एकदा वाचून काढा.

आणि सेंडमेल कमांडने आत आलेला मेल एसएमटीपीडीतून, म्हणजे जोडणीवरून मेल घेणाऱ्या प्रोग्रॅममधून, जातच नाही. त्याच मशीनवर वेबसाइट असेल आणि तिचे वर्डप्रेस फोडले गेले, तर वरच्या सगळ्या याद्या शोभेच्या. ऑथोराइझ्ड_सबमिट_युजर्स = !डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू-डेटा, स्टॅटिक:ऑल एवढे लिहिले की वेब सर्व्हरच्या युजरला ती वाट बंद होते. साइटचा कॉन्टॅक्ट फॉर्म मग ५८७ वरून, स्वतःच्या लॉगिनने पाठवू द्या.

कोणी किती पाठवायचे

एसएमटीपीडी_क्लायंट_मेसेज_रेट_लिमिट हे नाव बघून माणसागणिक मर्यादा वाटते, पण ती मोजते आयपीगणिक, मुळात ६० सेकंदांच्या मापात, आणि मायनेटवर्क्सला सोडून देते. शाखेतले ४० जण एका पब्लिक आयपीमागे असतील तर ते सगळे मिळून एक धरले जातात. पासवर्ड चोरीला गेलेल्या खात्यातून स्पॅम जाणे हा खरा रोग आहे आणि त्याला लॉगिनगणिक मोजणी लागते. ती पोस्टफिक्स स्वतः करत नाही. पोस्टएफडब्ल्यूडी किंवा पॉलिसीडीसारखी पॉलिसी सेवा चालवून वरच्या यादीत, परमिट_सासल_ऑथेंटिकेटेडच्या आधी, चेक_पॉलिसी_सर्व्हिसने जोडायची. पोस्टएफडब्ल्यूडी मुळात १०,०४० पोर्टवर ऐकतो. साध्या कचेरीत तासाला २०० घेणारे ही मर्यादा कोणाच्या कामाच्या आड येत नाही आणि चोरट्याला मात्र लगेच जाणवते.

मेल वळवणे

कोणता मेल कुठे न्यायचा ते ट्रान्सपोर्ट तक्ता सांगतो. त्यातली ओळ अशी दिसते:

नाशिक.एक्झाम्पल.कॉम एसएमटीपी:[१०.२०.०.५]:२५

चौकटी कंस म्हणजे 'एमएक्स शोधू नकोस, थेट इथेच जा'. एमएक्स म्हणजे डोमेनचा मेल कुठे द्यायचा ते सांगणारी डीएनएसमधली नोंद. सर्व्हरचे नाव लिहून कंस विसरलात तर पोस्टफिक्स त्या नावाचा एमएक्स बघतो, तो अनेकदा तुमच्याकडेच बोट दाखवतो, आणि मेल 'लूप्स बॅक टू मायसेल्फ' म्हणत परततो. उपडोमेनच्या बाबतीत दोन तक्त्यांचे वागणे उलट आहे. ॲक्सेस तक्त्यात एक्झाम्पल.कॉम लिहिले की त्याची उपडोमेनही आली. ट्रान्सपोर्ट तक्त्यात ती येत नाहीत, तिथे पुढे टिंब देऊन '.एक्झाम्पल.कॉम' अशी वेगळी ओळ लागते.

दुसऱ्या सर्व्हरसाठी मेल घेत असाल तर ते डोमेन रिले_डोमेन्समध्ये हवे आणि रिले_रेसिपिएंट_मॅप्समध्ये तिथल्या खऱ्या पत्त्यांची यादी. यादी नसेल तर तुम्ही कोणत्याही पत्त्यासाठी मेल घेता, आतला सर्व्हर तो नाकारतो आणि तुमचा सर्व्हर बाउन्स, म्हणजे 'पोहोचला नाही' असा मेल, पाठवतो, तोही बहुधा अशा माणसाला ज्याचे नाव स्पॅमरने चोरलेले असते. अशा बाउन्समुळेही आयपी ब्लॉकलिस्टमध्ये जातो. यादी राखणे जमत नसेल तर रिजेक्ट_अनव्हेरिफाइड_रेसिपिएंट लावा. मग पोस्टफिक्स आतल्या सर्व्हरला आधी विचारून घेतो.

खर्च वाचवायला काही खाती क्लाउडवर आणि बाकीची आपल्या सर्व्हरवर, असा जुगाड बऱ्याच ठिकाणी असतो. ट्रान्सपोर्ट तक्त्यात पूर्ण पत्ता टाकून तो जमतो, पण क्लाउडवरचे पत्तेही तुमच्या व्हर्च्युअल_मेलबॉक्स_मॅप्समध्ये असायला हवेत, नाहीतर 'युजर अननोन' म्हणून दारातच नाकारले जातात. माहीत नसलेला पत्ता समोर ढकलायची सोय दोन्ही बाजूंनी चालू ठेवू नका. पत्त्यात एक अक्षर चुकलेला मेल मग दोघांमध्ये फिरत राहतो आणि हॉपकाउंट_लिमिट, म्हणजे ५० रिसीव्ह्ड हेडर, ओलांडल्यावरच थांबतो.

बाहेर जाणाऱ्या मेलचा रस्ता पाठवणाऱ्यानुसार बदलायचा तर सेंडर_डिपेंडंट_रिलेहोस्ट_मॅप्स. रिलेहोस्टपेक्षा ते वरचढ आणि ट्रान्सपोर्ट तक्ता दोघांपेक्षाही वरचढ, हे लक्षात ठेवले की पुरे.

गाळणे

पहिली चाळणी पोस्टस्क्रीनची, आणि ती फक्त २५ पोर्टवर. तो नव्या क्लायंटला ६ सेकंद थांबायला लावतो. स्वागताची ओळ पूर्ण व्हायच्या आत बोलू लागला तर तो बहुतेक बॉट. ब्लॉकलिस्टचे गुणही तो याच काळात मोजतो. एवढे चालू करा आणि थांबा. स्वागताच्या २२० ओळीनंतरच्या सखोल चाचण्या चालू केल्या तर पास झालेल्या क्लायंटलाही ४५० देऊन परत यायला सांगावे लागते. मोठ्या कंपन्या दुसऱ्या वेळी वेगळ्याच आयपीवरून येतात, आणि दहा मिनिटांत संपणारा ओटीपी अर्ध्या तासाने पोहोचतो. ग्रेलिस्टिंग, म्हणजे अनोळखी पाठवणाऱ्याला आधी 'नंतर या' सांगणे, त्याचेही तेच, त्यामुळे आज ते सरसकट लावू नये असे माझे मत आहे.

स्पॅमहाउसची झेन ही ब्लॉकलिस्ट वापरताना डीएनएस तुमचा स्वतःचा हवा. गूगलच्या ८.८.८.८ सारख्या सार्वजनिक रिझॉल्व्हरवरून विचारले तर उत्तर १२७.२५५.२५५.२५४ येते. अर्थ 'असे विचारू नका' एवढाच, पण कोणतेही उत्तर म्हणजे 'यादीत आहे' असे धरणारी मांडणी त्यामुळे प्रत्येक मेल नाकारू लागते. सर्व्हरवरच अनबाउंड हा रिझॉल्व्हर चालवा आणि नियमात उत्तराचा पट्टा बांधा: झेन.स्पॅमहाउस.ओआरजी=१२७.०.०.[२..११].

मजकूर तपासायला हेडर_चेक्स वापरायचा मोह होतो. मराठी कचेरीत तो मोह विशेष फसवा. 'केवायसी अपडेट करा' असा विषय पकडायला तक्त्यात तेच शब्द लिहिले तर काहीही जुळणार नाही, कारण देवनागरी विषय मेलमध्ये बहुधा बेस६४ या सांकेतिक रूपात येतो आणि हेडर_चेक्स तो उलगडत नाही. बेस६४ चा तुकडा लिहूनही भागत नाही. तेच अक्षर ओळीत एक बाइट पुढे सरकले की तुकडा बदलतो. बॉडी_चेक्स तर एकेक ओळ सुटी बघतो आणि तोही काही उलगडत नाही. माइम_हेडर_चेक्सने .ईएक्सई, .एससीआर, .जेएस अशा नावांच्या फाइली अडवणे ठीक, तेही झिपच्या आतले दिसणार नाही हे धरून.

मजकुराचे काम आरस्पॅमडी या स्पॅम गाळणाऱ्या प्रोग्रॅमला द्या. तो विषय आणि मजकूर उलगडून मग तपासतो. जोडणी मिल्टर म्हणून, म्हणजे बाहेरची चाळणी लावायच्या सोयीने: एसएमटीपीडी_मिल्टर्स = आयनेट:लोकलहोस्ट:११३३२. त्याचे मूळ उंबरठे असे: ४ गुणांवर ग्रेलिस्ट, ६ वर हेडर लावणे, १५ वर नाकारणे. १५ ला हात लावू नका. ६ च्या आसपास कोणाचे मेल अडकतात ते दोन आठवडे बघा आणि मगच खाली-वर करा. आरस्पॅमडी बंद पडला तर काय, हे मिल्टर_डिफॉल्ट_ॲक्शन ठरवते. मूळ मूल्य टेम्पफेल आहे, म्हणजे समोरच्याला ४५१ मिळतो आणि तो पुन्हा येतो. ॲक्सेप्ट केले तर मेल न गाळता आत येतो. टेम्पफेलच ठेवा आणि आरस्पॅमडीवर पहारा लावा.

हेडर तपासणीतून किंवा ॲक्सेस तक्त्यातून होल्ड, रिडायरेक्ट किंवा डिस्कार्ड वापरताना जपून. ते त्या मेलच्या सगळ्या घेणाऱ्यांना लागू होतात. एका पत्त्यासाठी लिहिलेले डिस्कार्ड त्याच मेलमधल्या दुसऱ्या दहा जणांचा मेलही गिळते, आणि पाठवणाऱ्याला '२५० ओके' मिळालेले असते.

२०२३ च्या डिसेंबरमध्ये उघड झालेल्या एसएमटीपी स्मगलिंगवरचा (एका मेलमध्ये दुसरा खोटा मेल लपवून घुसवण्यावरचा) उपाय, एसएमटीपीडी_फॉरबिड_बेअर_न्यूलाइन, ३.९ पासून आपोआप चालू असतो. जुन्या आवृत्तीवर असाल तर तपासून घ्या.

आकार

मेसेज_साइझ_लिमिट मुळात १,०२,४०,००० बाइट. जोडलेली फाइल बेस६४ मध्ये सुमारे ३७ टक्क्यांनी फुगते, म्हणून '२५ एमबीपर्यंत चालेल' असे जाहीर करायचे असेल तर ३,६७,००,१६० द्या. फाइलमध्ये अर्थातच स्वल्पविरामाशिवाय. मेलबॉक्स_साइझ_लिमिट मुळात ५,१२,००,००० आहे. मेलची मर्यादा याच्या वर नेली तर मेल आत येतो पण डिलिव्हरी फेटल एररने थांबते आणि क्यू (पोहोचवायच्या मेलची रांग) फुगत जातो. दोन्ही एकदम वाढवा.

बदल करताना

मेन.सीएफमध्ये ओळीच्या मधोमध # टाकून टीप लिहिता येत नाही. ती मूल्याचा भाग होते. जागा सोडून सुरू झालेली ओळ आधीच्या ओळीला जोडली जाते. तोच पॅरामीटर दोनदा आला तर खालचा खरा. म्हणून फाइल वाचण्यापेक्षा पोस्टकॉन्फ -एन चे उत्तर वाचा, आणि मास्टर.सीएफसाठी पोस्टकॉन्फ -पी मोठ्या अक्षरात.

हॅश तक्ता बदलला की पोस्टमॅप चालवा, रीलोड लागत नाही. रेगएक्सपी, पीसीआरई आणि सीआयडीआर तक्त्यांना उलटे: पोस्टमॅप नको, रीलोड हवा. तक्ता तपासायला पोस्टमॅप -क्यू आहे, पण तो दिलेला शब्द जसाच्या तसा शोधतो. एसएमटीपीडी उपडोमेनवरून मूळ डोमेनपर्यंत जातो तसा हा जात नाही, त्यामुळे इथे रिकामे उत्तर आले म्हणजे नियम लागणार नाही असे नाही.

नवा नियम थेट लावू नका. त्याच्या आधी वॉर्न_इफ_रिजेक्ट लिहा. मग तो कोणाला अडवत नाही, फक्त लॉगमध्ये रिजेक्ट_वॉर्निंग लिहितो. मोठी उलथापालथ असेल तर सॉफ्ट_बाउन्स = येस; सगळे ५०० चे नकार ४०० चे होतात आणि चूक निघाली तरी मेल हरवत नाही. काम झाल्यावर ते बंद करायला विसरू नका.

लॉगमध्ये 'नोक्यू: रिजेक्ट' म्हणजे मेल क्यूपर्यंत पोहोचलाच नाही, दोष याद्यांत शोधा. पुढे गेलेल्या मेलच्या ओळीत रिले= वरून तो कुठे वळला ते कळते आणि डिलेज= मध्ये तिरक्या रेघांनी तोडलेले चार आकडे असतात: क्यू मॅनेजरकडे येईपर्यंतचा वेळ, क्यूमधला, जोडणीचा, प्रत्यक्ष पाठवण्याचा. पहिला मोठा असेल तर मिल्टर किंवा आधीचे अडकलेले प्रयत्न, तिसरा मोठा असेल तर डीएनएस किंवा समोरचा सर्व्हर.

ट्रान्सपोर्ट तक्ता बदलल्यावर क्यूमध्ये अडकलेले मेल पुढच्या प्रयत्नात नवा रस्ता घेतात. पोस्टक्यू -एफ दिले की प्रयत्न लगेच होतो. व्हर्च्युअल एलियास मात्र मेल आत येतानाच उघडले गेलेले असतात. व्हर्च्युअल एलियास दुरुस्त केला असेल तर जुन्या मेलना तो कळण्यासाठी पोस्टसुपर -आर आणि क्यू आयडी द्यावा लागतो. आयडीच्या जागी मोठ्या अक्षरांत ऑल लिहिले तर सगळा क्यू नव्याने फिरतो, म्हणून आधी मेलक्यूने यादी पाहून घ्या.